राजकन्येचं एकच वाक्य

रविवार, ९ नोव्हेंबर

लाडक्या चिमणीस,

तुझ्या आत्याचे ओंजळभर आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालायला नाही म्हणत नाहीत, तेव्हा त्यांचं माझं अजून जमतं. खालचा चष्मेवाला परवा म्हणाला, "एवढी मोठी प्राध्यापक झाली, आता तरी चिमणी म्हणू नका." मी म्हटलं, तू तुझ्या काचा पूस, आमच्या चिमण्या आम्ही बघू.

तुझं पाकीट मिळालं. पुस्तक आणि नव्या आवृत्तीची प्रस्तावना, दोन्ही. पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अभिमानाने, म्हणजे काहीच कळलं नाही. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

माझं शिक्षण ते काय, तुला ठाऊकच आहे. नाटकघराच्या कपडेपटात मशीन चालवता चालवता कानावर पडलेली नाटकं, आणि वाचनालयातून हाताला लागतील तशी आणलेली पुस्तकं. त्यामुळे माझं डोकं म्हणजे गच्च भरलेलं फडताळ. सगळं आहे, जागेवर काही नाही. पण तू ज्यावर लिहिलंस ते जुनं शोकनाटक मला पाठ आहे. दर दोन-तीन वर्षांनी ते आमच्याकडे लागायचंच, आणि दर वेळी राजाचा झगा उसवून नव्या राजाच्या पोटाला बसवायचं काम माझ्याकडे. राजे बदलले, पोटं बदलली, झगा तोच.

म्हणून तू राजाची जी उलटतपासणी केलीस, ती वाचताना हातातली शिवण खाली ठेवावी लागली. शत्रू जवळ आलाय. रोज सांजेला वेस लावण्याआधी शिंग फुंकायचं, म्हणजे बाहेर राहिलेला माणूस आत येईल, हा त्या नगराचा रिवाज. त्या दिवशी राजपुत्रच बाहेर आहे, आणि राजा शिंगाचा हुकूम द्यायला विसरतो. वेस बंद होते. पोरगा बापाच्याच भिंतीखाली मारला जातो. आम्ही सगळे आजवर म्हणत आलो, बिचारा राजा, दैव आडवं आलं. तू म्हणतेस, दैव कसलं? विसरणं कधी रिकामं नसतं. दुसऱ्या अंकात लोक राजपुत्राचा जयजयकार करतात तेव्हा राजाचा हात मुकुटाकडे जातो, हे मी शंभरदा पाहिलं आणि वाटलं, मुकुट ढिला झाला असेल, दोन टाके घालायला हवेत. त्याच्या स्वप्नात अंगणातल्या झाडाची सावली बिछान्यावर येते आणि तो कुऱ्हाड मागतो. तू या सगळ्याची मोट बांधलीस. जी इच्छा राजाने मनाच्या तळघरात कोंडली होती, तिनेच ऐन वेळी त्याच्या तोंडावर हात ठेवला. शिंग तो विसरला नाही, त्याच्या अबोध मनाने ते विसरायचं ठरवलं.

पटलं. अगदी मनापासून पटलं. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' एवढं आमच्या आजीलाही ठाऊक होतं, पण ती तेवढं म्हणून कामाला लागायची. तू तळघराची कडी काढून आत दिवा धरलास.

एकच विचारते. तटावर राजाच्या शेजारी त्याची धाकटी मुलगी उभी असते. अख्ख्या नाटकात तिला एकच वाक्य, "अंधार पडला, बाबा. आता वेस लावा." एका वाक्याची पोर, पण शेला मात्र सगळ्यांत लांब. त्याची किनार घालताना माझी बोटं सोलून निघायची. तुझ्या पुस्तकात पहारेकरी आहे, दाई आहे, राजाचा घोडासुद्धा आहे. राजकन्या कुठेच नाही. कशी काय सुटली? सहज विचारते हो.

आता प्रस्तावना. तू लिहिलंस, बाबांना वाचून दाखव, त्यांची हरकत असेल तर छापणार नाही. त्याला आता अक्षर दिसत नाही आणि अंथरुणातून उठवतही नाही, म्हणून मीच वाचली. सकाळचं दूध घेऊन तो जरा टेकला होता.

तुझे वडील नाटकघरात रंगमंचाचं काम करायचे, इथपर्यंत माझा आवाज बरा होता. रंगमंचाच्या फळ्यांतली, तळघरात उतरायची झडप उघडली की ज्याने उघडली त्यानेच शेजारच्या काठीला लाल फडकं बांधायचं, आणि झडप लावल्यावर त्यानेच सोडायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियमही तू बरोबर लिहिलास. मग तू लिहितेस, एके दुपारी ते फडकं बांधायला विसरले. डबा घेऊन धावत आलेला तुझा दादा उघड्या झडपेतून खाली पडला आणि गेला. पुढे तुझं वाक्य आहे, "राजाबद्दल मला जे पुस्तकांत सापडलं, ते मी आधी घरात पाहिलं होतं, विसरणारा माणूस त्यानंतर कधी माझ्या डोळ्यांत पाहू शकला नाही." वाक्य चांगलं आहे. म्हणूनच माझ्याने पुढे वाचवेना.

"थांबलीस का अक्का?"

"घशात खरखर आहे."

"पाणी पी आणि वाच. उगाच नाटकं नकोत, आपण दोघांनी ती पुष्कळ पाहिलीत."

वाचलं. संपल्यावर म्हणाला, "सरळ लिहिते. फिरवाफिरवी नाही."

"ते सोड. तुझी हरकत आहे का, असं विचारलंय तिने."

"हरकत कसली? विसरलो हे सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"आणि ती त्याचा जो अर्थ लावते, तो?"

"शिकलेली आहे. लावू दे." मग भिंतीकडे कूस वळवली. "छाप म्हणून लिही तिला. आणि तुझी अक्कल त्यात घालू नकोस."

निरोप पोचवला. आता माझी अक्कल. चिमणे, प्रस्तावनेतली ती दोन पानं काढून टाक. राजाबद्दल हवं तेवढं लिही, तो बिचारा कागदाचा, त्याला काही दुखत नाही. पण घरातलं नको. कारण विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज. ताकाला जाऊन भांडं लपवतेय हे मलाही दिसतंय, पण आज एवढंच.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. हृदय थकलंय म्हणाल्या, मुलीला बोलावून घ्या म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, ती कामात असते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नसता चहा टाकायला उठले. जमेल तेव्हा ये. म्हणजे, जमव.

थंडी वाढली असेल तिकडे. केस अजून आखूडच ठेवतेस ना? डोक्याला रुमाल बांध असं लिहिणार होते, पण तुला लहानपणापासून डोक्यावर काही बांधलेलं चालत नाही. रिबीन दिसली की किंचाळून घर डोक्यावर घ्यायचीस. शेवटी न्हाव्याकडे नेऊन वेण्याच कापल्या, तेव्हा कुठे शांत झालीस. निदान टोपी घाल.

तुझी,
आत्या


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चिमणे,

आशीर्वाद आहेतच. ते आज वेगळे सजवून लिहायला हात वळत नाही.

तुझं उत्तर पोचलं. "कारण नसलेली हरकत मी मानत नाही, आत्या. जे सांगता येत नाही म्हणतात तेच तर माझं शास्त्र शोधतं." बरोबर आहे. मीच तुला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावलं, आता तुझी अक्षरं माझ्यावर उलटली तर रडू कुणाकडे? राजकन्येबद्दल लिहिलंस, "ते पात्र किरकोळ आहे, त्याला मन द्यायला नाटककारच विसरला." आणि येण्याबद्दल, "पुस्तक छापायला गेलं की बघू. त्यांनी मला कधी पाहिलं नाही, आता मी येऊन काय पाहू?"

ते शेवटचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, चिमणी बरी आहे, कामात आहे, टोपी घालते. तो म्हणाला, "टोपी घालते?" आणि हसला. किती दिवसांनी हसला.

तुझ्या शास्त्राशी मी गेले दहा-बारा दिवस घरातल्या घरात भांडतेय. भांडी घासताना भांडते, त्याची पाठ पुसताना भांडते. नाटकात तुझं सगळं खरं आहे, कारण नाटकात खिळासुद्धा कुणीतरी ठोकलेला असतो. राजा विसरला, तर त्याला विसरायला लावणारा हात कुठेतरी आहेच, तो शोधायलाच हवा. पण घरात खिळे आपोआपही निखळतात गं. लाकूड सुकतं, खिळा पडतो. त्यात लाकडाची इच्छा कोणती?

असं म्हणून मी तुला गप्प करणार होते. पत्रही तसं लिहायला घेतलं होतं. पण ते खरं नव्हतं. खिळा निखळला नव्हता.

मंगळवारी दुपारी त्याला ताप चढला. डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या. तो डोळे मिटूनच म्हणाला, "फडकं काढलं का तिच्या डोक्यावरून? अक्का, कुणी यायच्या आत काढ." पुन्हा पुन्हा तेच. बाईंनी विचारलं, "कसलं फडकं?" मी म्हटलं, तापात बरळतो. त्या गेल्यावर मी त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि म्हटलं, "काढलं हो. कुणी पाहिलं नाही." तेव्हा त्याचा श्वास जरा खाली बसला.

चिमणे, हे पत्र बसून वाच. दार लावून घे. वर्गावर जायच्या आधी वाचत असशील तर ठेवून दे, आणि संध्याकाळी वाच.

त्या दुपारी तेच नाटक उभं राहत होतं. तुझी आई कामावर, म्हणून तू शाळेतून आमच्याकडे यायचीस. पहिलीतली पोर. विंगेत उभी राहून तालमी बघायचीस, आणि राजकन्येचं वाक्य तिच्या आधी तू म्हणायचीस. सगळे हसायचे. राजा तर म्हणायचा, हिलाच घ्या, ही निदान विसरत नाही. तुला तिचा शेला हवा असायचा. मी द्यायची नाही, मळेल म्हणून.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले. तुझा बाबा झडप उघडून नटांना तळघरातून वर उचलणाऱ्या पाळण्याला तेल देत होता. तेल संपलं म्हणून कोठीत गेला. जाण्याआधी त्याने फडकं बांधलं होतं. हे मी ऐकीव सांगत नाही. मी दोऱ्याचं रीळ आणायला रंगमंचावरून गेले, तेव्हा फडकं काठीला होतं आणि मी त्याला वळसा घालून गेले. लाल, तेलाचा डाग पडलेलं, ओढलं की सुटेल अशा गाठीचं. ती गाठ तशीच बांधायची असते, घाईत सोडता यावी म्हणून.

मग मशीनवर बसले आणि आवाज ऐकला. त्या आवाजाबद्दल लिहीत नाही.

मी धावत आले तेव्हा तो तळघरातून वर चढून आला होता. दादाला त्याने बघितलं होतं. चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. आणि विंगेत तू उभी होतीस. ते लाल फडकं शेल्यासारखं डोक्यावर घेतलेलं, एक टोक हनुवटीखाली मुठीत धरलेलं. तू त्याला म्हणालीस, "अंधार पडला, बाबा." सगळं वाक्य नाही, तेवढंच. तुला वाटलं असेल, आता तो हसेल.

तो तुझ्याजवळ गेला. तुझ्या डोक्यावरून फडकं त्याने इतक्या हळू काढलं, जसं झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं काढावं. घडी घातली, खिशात ठेवलं. तोवर माणसं धावत आली. व्यवस्थापक ओरडला, "फडकं कुठाय?" आणि तुझा बाबा म्हणाला, "बांधायला विसरलो."

बस. एवढंच म्हणाला. मग जन्मभर तेवढंच म्हणत राहिला.

नोकरी गेली. फर्निचरच्या गोदामात खोकी बांधायला लागला. तुझी आई त्याच्याशी पुन्हा धड बोलली नाही. ती गेली, त्याआधी तिच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला म्हटलं, तिला तरी सांग, मनातली आग घेऊन जायला नको बाईने. तो म्हणाला, "तिला सांगितलं की ती पोरीकडे एकदा तरी तशा नजरेने बघेल. एकदासुद्धा नको." त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं, आणि मी ते आजपर्यंत पाळलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून उजेडसुद्धा झाकून ठेवला.

आणि तुझ्याकडे तो का बघायचा नाही, ते आता तुझं तुला कळलं असेल. त्याला धाक होता, आपल्या डोळ्यांत तुला ते दिसेल. तू हुशार. लहानपणापासून माणसाच्या चेहऱ्यावरून वाचायचीस. म्हणून तो भिंतीकडे बघून तुझी चौकशी करायचा, ताटाकडे बघून तुझ्या मार्कांबद्दल विचारायचा. तू झोपलीस की मात्र खुर्ची ओढून उशाशी बसायचा. पोटभर बघून घ्यायचा. ते तू पाहिलं नाहीस, कारण तू झोपलेली असायचीस.

तर तुझं शास्त्र खोटं नाही, चिमणे. फार खरं आहे. या घरात कुणीतरी विसरलं होतं. फक्त तो नव्हे.

तुझ्या वेण्या, ती रिबीन, पुस्तकातून सुटलेली ती राजकन्या. चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाच मला कळलं. तुझ्या मनाने ती गोष्ट तळघरात ठेवली, वर फळी टाकली, आणि तू त्याच फळीवर उभी राहून इतकी वर्षं राजाला प्रश्न विचारत राहिलीस. मी कोण तुझी परीक्षा घेणार? मी शिवणारी बाई. पण उसवलेली शिवण हाताला लागतेच.

आता ऐक, कारण याच्यासाठी मी वचन मोडलं. तू आता बसशील आणि तुझाच नियम त्या पहिलीतल्या पोरीला लावशील. विसरणं रिकामं नसतं, कृती रिकामी नसते, खाली एक इच्छा असतेच. तिला दादाचा राग होता का, सगळे त्याचेच लाड करायचे म्हणून, असं खोदत बसशील. होता राग. त्याने तुझी खडूची पेटी मोडली होती, दोन दिवस कट्टी होती. धाकटं भावंड कुठलं रुसत नाही? पण त्या दुपारी तुला शेला हवा होता. बाकी काही नको होतं. मी दिला असता तर तू तो घेतला असतास. मी साक्षीला आहे, आणि माझ्याइतकं त्या पोरीला कुणी ओळखत नव्हतं. तुझी पुस्तकं तर नाहीच नाही. तिला त्या कोर्टात उभी करू नकोस. तिच्या बापाने तिला एका शब्दात सोडवलंय. तो निकाल तू फिरवायचा नाहीस.

प्रस्तावनेचं काय करायचं ते तू ठरव. तू कारण मागितलंस, मी दिलं.

आणि ये. बाई म्हणाल्या, आठवडा, फार तर थोडे दिवस वर. काल त्याचा ताप उतरला, आता शुद्धीवर आहे. पण दारातून आत येशील तेव्हा त्याच्या पायांवर पडून "बाबा, मला कळलं" म्हणू नकोस. त्याला कळता कामा नये. मी सांगितलं हे कळलं तर माझ्यावर चिडेल, ते सोड, मी त्याची थोरली आहे, त्याच्या चिडण्याला भीक घालत नाही. पण त्याने आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही, गं. मुलगा गेला, बायको तुटली, हातातलं काम गेलं. हे एकच त्याने तडीस नेलंय, की तुला कधी कळलं नाही. शेवटच्या दिवसांत ते त्याच्या हातातून काढून घेऊ नकोस.

उशाशी बस. रडू आलं तर येऊ दे, मुली रडतातच. त्याचा हात हातात घे, उजवा घे, डाव्याला सुई टोचलीय. आणि म्हण, "बाबा, तुम्ही फडकं बांधायला विसरलात. मी तुम्हाला माफ केलं."

तो तुझ्याकडे बघेल. मला वाटतं, तेव्हा बघेल.

जन्मभर मी माणसांना राजे केलं, राण्या केलं, कपडे चढवून विंगेत उभं केलं. वाक्य कधी कुणाला दिलं नाही, ते माझं काम नव्हतं. हे एकच देते आहे. पाठ करून ये, चिमणे, आणि त्याच्यासमोर अडखळू नकोस.

दाराची कडी काढून बसलेली,
तुझी आत्या